वाफेच्या गोष्टी, मुक्काम जेलरोड

जेलरोड, नाशिक रोड
१९ जानेवारी २०२५

सनी,

आशीर्वाद लिहावेत अशी माझी मनःस्थिती नाही, तेव्हा नुसतंच सनी.

तुझं पत्र मिळालं. आपल्या गच्चीवरून तुझ्या तुरुंगाची भिंत दिसते, बुरुजावरचा पहारेकरी जांभई देतो तेही दिसतं, आणि पत्र यायला आठवडा उलटतो. कारण तुमच्याकडे आधी ते एक साहेब वाचतात. हेही वाचतील. साहेब, नमस्कार. मजकूर कंटाळवाणा आहे, आक्षेपार्ह नाही.

तू लिहितोस, "ताई, इथे वेळ जात नाही. वाचायला पाठव काहीतरी. तुझं ते वाफेवालं पण चालेल." चालेल! सिन्नरच्या कारखान्यात दिवसभर पंपांच्या माहितीपुस्तिका लिहून घरी आल्यावर मी 'वाफारा' नावाचं पान चालवते, त्यावर स्टीमपंकची पुस्तकं, सिनेमे, गेम लोकांना सुचवते, हे तुला पक्कं माहीत होतं. तुझ्या राजदादाची, त्या चौकातल्या पुढाऱ्याची, पोरं त्याखाली लिहायची, "ताई, सर्दी झाली का?" आणि तू त्यावर हसरे चेहरे टाकायचास. आता चार भिंतींत बसल्यावर तुला वाफ चालायला लागली.

वाचनाची आवड लागलीच आहे तर आधी हे वाच, तुझ्याच कागदपत्रांतलं आहे. राजदादाचा वाढदिवस, भर रस्त्यात टेबल, तलवारीने केक. नाथा नावाच्या रिक्षावाल्याने स्टेशनला जायला वाट मागितली. त्याच्या उजव्या हातावर तलवारीचा वार. आरोपी सनी स्वतःहून पोलिसांत हजर. सांग, कुठल्या लेखकाने लिहिलं हे? कारण कोंबडीच्या दुकानासमोरून जाताना तू पलीकडच्या फुटपाथवर जातोस. वार करणारा हा सनी मी कधी पाहिलेला नाही.

म्हणून मी तुला तुरुंगात भेटायला, त्या मुलाखतीला, येणार नाही. आई येईल. समोर बसलास तर मी काय विचारेन हे तुला माहीत आहे, आणि तू काय खोटं बोलशील हे मला.

तर स्टीमपंक. एकदा सांगितलं होतं, तेव्हा तू फोनमध्ये स्वतःचेच फोटो बघत होतास. अशी कल्पना कर की वीज आणि पेट्रोल यांचं राज्य कधी आलंच नाही. जग वाफेवर थांबलं आणि वाफेवरच पुढे गेलं. आकाशात फुग्यांची जहाजं, रस्त्यावर पितळी हत्ती, आकडेमोड करणारी दातेरी चाकांची कपाटं. पणजोबांचे कपडे आणि उद्याची यंत्रं. झालं.

यातला बारा आणे माल कचरा आहे. लेखकाला वाटतं, नायकाच्या टोपीला चार चाकं चिकटवली, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा चढवला, की काम झालं. मी चाक दिसलं की एकच विचारते, हे फिरल्यावर काय हलतं? काहीच हलत नसेल तर पुस्तक बंद. 'पितळी सरदार' नावाची एक जाडजूड मालिका आहे. तुझ्या दादाला भेट दे. मुखपृष्ठावर तलवार आहे, आत काही नाही.

तुला पाठवते आहे ती 'भट्टीघर'. एक अख्खं शहर वाफेच्या जोरावर ढगांत तरंगतं आहे. वर मेजवान्या, नाच, रेशीम. गोष्ट मात्र खालून सुरू होते, भट्ट्यांत कोळसा ओढणाऱ्या बायकांपासून. एक दिवस त्या बायका फक्त जेवायला बसतात. बंड नाही, घोषणा नाहीत, नुसत्या भाकरी सोडतात. आणि शहर एक वीत खाली येतं. वरच्या सरदारांच्या बशीतलं सूप कलंडतं. पुढचं मी सांगणार नाही. आई सोमवारी पुस्तक देईल, ते तपासून तुझ्यापर्यंत पोचेल. पानांचे कोपरे दुमडू नकोस.

योगिनी


जेलरोड
९ फेब्रुवारी २०२५

सनी,

"सुरुवातीला नुसता कोळसाच ओढतायत, फाइट कधी येणार?" हा तुझा पहिला प्रश्न. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने, "सूप सांडलं ते एक नंबर." इतकी वर्षं मी 'वाफारा'वर लिहिते आहे. माझ्या शिफारशीला मिळालेली ही सर्वांत गंभीर दाद. फ्रेम करून घेते.

इकडची खबर. चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. "वाघ पिंजऱ्यात असला तरी वाघच. सनीभाई, वाट पाहतोय. शुभेच्छुक, राजदादा मित्रमंडळ." फोटो तुझ्या बारावीच्या ओळखपत्राचा, डोक्याला तेल चोपडलेला. महापालिकेची निवडणूक कधी लागणार कुणाला ठाऊक नाही, पण उमेदवार राजदादा कामाला लागलेला आहे, आणि त्याने तुला वाघ करून टाकलं. मी भाजी घ्यायला जाते तेव्हा त्या वाघाखालून जाते. वर कावळे बसतात.

रथसप्तमीच्या आधी स्वतः राजदादा तिळगूळ घेऊन घरी आला. चपला दारात काढल्या, आईच्या पाया पडला.

"काकू, काळजी नका करू. सनी म्हणजे माझा धाकटा भाऊच."

मी म्हटलं, "धाकटा भाऊ तर तुम्हाला आहे ना एक? ललित. कसा आहे तो? दिसला नाही इतक्यात."

"तो जरा बाहेर गेलाय. गोव्याला. मित्राचं हॉटेल आहे तिकडे."

"कधी गेला?"

"झाले की बरेच दिवस."

"वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीच ना?"

तो हसला, पण फक्त तोंडाने. "ताई, तुम्ही लय पुस्तकं वाचता राव. आपला वकील आहे, सगळं व्यवस्थित होईल." आईने तिळगूळ हातात घेतला होता. तो गेल्यावर तिने तो ओट्यावर ठेवला, झाकण ठेवलं, आणि मुंग्या लागेपर्यंत त्याला हात लावला नाही. आईला काय कळलंय ते तू तिलाच विचार. सोमवारी काचेपलीकडे बसते तेव्हा तिच्या डोळ्यांत बघायची हिंमत असेल तर.

आता सिनेमा. तुला सिनेमा दिसणार नाही म्हणून मीच सांगते आहे, उपकार समज. एक भव्य सिनेमा आहे, नायकाचा एक हात पितळेचा, त्यातून गोळ्या सुटतात, धूर निघतो, इमारती कोसळतात. अडीच तास सगळीकडे वाफ, पण बॉयलरमध्ये पाणी भरताना एकही माणूस दिसत नाही. तुझ्या दादासारखंच, थाट दिसतो, पाणी कोण भरतं ते दिसत नाही. तो बघू नकोस, म्हणजे बघशील तेव्हा.

दुसरा मात्र बघ. हाताने काढलेली चित्रं, एकही संवाद नाही. एका डोंगरी गावात दिवे लावणारी एक म्हातारी आणि तिचा यंत्राचा घोडा. रोज सकाळी त्याला चावी द्यायची, संध्याकाळी तो थांबतो. युद्ध सुरू होतं, सैनिक घोडा घेऊन जातात. त्यांना त्याच्या चावीचं काय माहीत? म्हातारीने सकाळी जेवढी दिली तेवढा तो चालतो, तोफ ओढतो, आणि लढाईच्या ऐन मध्यावर शेतात थांबतो. सेनापती त्याला फटके मारतो, लाथा घालतो. घोडा उभा. मग सैन्यं निघून जातात, ऋतू बदलतात, त्याच्या पोटातल्या चाकांत एक चिमणी घर करते. शेवटी म्हातारी चालत चालत तिथे पोचते. हातात चावी आहे. ती आत डोकावते, पिल्लं दिसतात. आणि ती चावी न देता तशीच त्याच्या शेजारी बसून राहते.

पुढे तुझं तू बघ, काय वाटतं ते. मला कळवायची गरज नाही.

योगिनी


जेलरोड
२ मार्च २०२५

सनी,

"ताई, इथे सगळे मला भाई म्हणतात. जेवणाच्या रांगेत पुढे घेतात." हे तू अभिमानाने लिहिलंस. मी ते वाक्य पुन्हा वाचलं, वाटलं चुकून कुणा दुसऱ्याचं पत्र आलं.

काल मी नाथाच्या घरी गेले होते. सिन्नर फाट्याच्या आतल्या बाजूला, पत्र्याचं घर. दारात त्याची बायको चांगुणा सुपात धान्य निवडत होती.

"कोण पायजे?"

"मी सनीची बहीण."

मला वाटलं सूप अंगावर येईल. ती उठली, पदराला हात पुसले. "या. उन्हात नका उभं राहू."

रिक्षा दाराशीच ताडपत्रीखाली होती. नाथा खाटेवर, उजवा हात मांडीवर ठेवलेला. बोटं अर्धवट मिटलेली, त्यापुढे ती मिटत नाहीत आणि उघडतही नाहीत. तोच म्हणाला, "तुमचा भाऊ उंच, बारीक हाय ना? कानामागं भाजल्याची खूण?"

म्हटलं, हो.

"मागून वार आला, बाई. मारणाऱ्याचं तोंड नाय बघितलं मी. पण मग ते पोरगं आलं. अंगातला शर्ट काढला, माझ्या हाताला गुंडाळला, दुसऱ्या रिक्षात घातलं मला. मार बसला मला अन् रडत व्हता तो. दवाखान्याच्या दारापातूर रडला. शेवटी मीच म्हणलं, पोरा, गप आता."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं की. लिहून घेतलं त्यांनी. पण म्हणले, तो सोताच म्हणतोय मी मारलं, तर आम्ही काय करणार?"

चांगुणा चहा घेऊन आली. मला वाटलं ती तुझं कौतुक करेल. ती म्हणाली, "शर्ट बांधला, लय झालं. पण सांगा त्याला, आमच्यावर उपकार नाय केला त्यानं. मारणारा मोकळा सुटला. उद्या दुसऱ्या कुणाचा हात जाईल, तवा ह्याचा शर्ट पुरंल का?"

मी चहा पिऊन निघाले. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

सनी, माझ्या ओळखीत खोटं बोलणारे पुष्कळ आहेत. केलेलं पाप लपवतात, न केलेलं पुण्य मिरवतात, ते मी समजू शकते. तू उलटा आहेस. आयुष्यात एकदा तू माणसासारखा वागलास, अंगातला शर्ट काढून रक्त थांबवलंस, आणि ते तू लपवतोस. आणि न केलेला वार छातीवर लावून रांगेत पुढे जातोस. टोपीला चिकटवलेली चाकं म्हणतात ती हीच. कितीही फिरव, काही हलत नाही.

ललितने मारलं हे मी स्पष्ट लिहिते आहे. साहेब, खुशाल वाचा, चार जणांना वाचून दाखवा.

या पत्रात शिफारस नाही. आधी सांगितलेलीच पुष्कळ आहे तुझ्या लायकीला.

योगिनी


जेलरोड
२३ मार्च २०२५

सनी,

चार पानी पत्र, आणि त्यात एकदाही 'दादा' नाही. मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, तूच लिहिलंस ना म्हणून.

तर तू बराकीत घोड्याची गोष्ट सांगितलीस, आणि लोकांनी ती पुन्हा सांगायला लावली. चिमणीपाशी आलास की सगळे गप्प होतात म्हणतोस. त्यात तुझं कर्तृत्व काही नाही, गोष्टच तशी आहे. पण तो पेठकडचा झिपरू बाबा, जंगलातली लाकडं तोडल्याच्या केसमध्ये आलेला, तुला आपल्यातली गूळ-शेंगदाण्याची पुडी देणारा, त्याने गोष्ट संपल्यावर विचारलं, "तू काय केलंस रे पोरा?" आणि तू सवयीने सांगितलंस, रिक्षावाल्याचा हात तोडला. त्यावर त्याने फक्त एवढंच म्हटलं, "त्याला पोट नाय का?" आणि आपलं अंथरूण उचलून दुसऱ्या भिंतीला नेलं.

"ताई, मी सांगायला उठलो होतो की मी नाही केलं. पण बाजूला मंडळाची दोन माणसं होती. मी परत बसलो."

बसलास. बरोबर. तेच तर तुला जमतं. दादा म्हणाला दोन महिन्यांत सोडवतो, तू बसलास. ललित पळाला, त्याच्या जागी तू बसलास. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आधी हसू आलं. सगळी बराक तुला मान देते, आणि एक म्हातारा उठून गेला तर तुला झोप येईना. म्हणजे त्या मानाची किंमत तुलाही कळली होती तर.

गेमबद्दल विचारलंस. सांगते, कारण त्यात एक बातमी आहे.

गेमचं नाव 'घाटमाथा'. आपल्या कसाऱ्यासारखा घाट, त्यावर वाफेचं इंजिन, आणि ते दोघांनीच चालवायचं. एक जण चालक. त्याला पुढचे रूळ दिसतात, पण बॉयलरचा दाब दिसत नाही. दुसरा भट्टीवर. त्याला दाब दिसतो, रूळ दिसत नाहीत. एकमेकांशी बोलल्याशिवाय गाडी एक वळणही पार करत नाही. गेमवाल्यांनी दिखाऊपणा जवळजवळ केलेला नाही, प्रत्येक झडप काही ना काही काम करते. माझी या वर्षाची पहिल्या नंबरची शिफारस. दोष एवढाच की एकट्याने खेळता येत नाही, आणि माझा जोडीदार सरकारी पाहुणचार घेतो आहे.

म्हणून मी आईला बसवलं.

हसू नकोस. पहिल्या दिवशी तिने कंट्रोलर जपमाळेसारखा धरला होता. बेल वाजली म्हणून उठून दार उघडायला गेली आणि मागे बॉयलर फुटला. आता ती भट्टीवर बसते आणि मला दरडावते, "चढ आला की आधी सांगत जा गं! ऐन वेळी ओरडून कोळसा उडत येतो का?" तुझ्यापेक्षा कितीतरी बरी खेळते. तू असतास तर चढावर कोळसा संपवून मग माझ्यावर चिडला असतास.

परवा आम्ही बोगद्यात होतो. दाब वाढत होता. आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "सनीला वकील आपला करायचा. त्यांचा नको."

मी म्हटलं, "काय?"

"पुढे बघ. वळण सांग."

वळण सांगितलं. गाडी बोगद्यातून बाहेर आली, तेव्हा ती म्हणाली, "तो माणूस माझ्या पाया पडला तेव्हाच कळलं मला. ज्याच्या मनात काही नसतं तो इतकं वाकत नाही." मग तिने भट्टीचं दार बंद केलं, गेममधलं, आणि पोळ्या करायला उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कोर्टात मोफत कायदे मदतीच्या ऑफिसात गेलो. स्नेहा नावाच्या वकील मिळाल्या. वय माझ्याएवढंच, एक शब्द फुकट घालवत नाहीत. कागद मागवून पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या जामिनाचा अर्जच झालेला नाही."

आई म्हणाली, "त्यांचे वकील तर दर वेळी तारीख पडली म्हणतात."

"अर्जच नाही तर तारीख कशाची, मावशी?"

कळलं का, वाघोबा? तू आत राहणं सोयीचं आहे. तू आत आहेस तोवर ललितला कुणी शोधत नाही. तुला विसरले नाहीत ते, व्यवस्थित ठेवला आहे तुला.

वकील मॅडम एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी भेटायला येतील. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी शिकवणार नाही. शिकवून तू सुधारणारा असतास तर आज पानांचे कोपरे तरी दुमडले नसतेस. आईने पुस्तक परत आणलं, मी पाहिलंय.

योगिनी


जेलरोड
२० एप्रिल २०२५

सनी,

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. तुला दिसले नाही ते बरंच झालं.

न्यायाधीशांनी तुला दोनदा सांगितलं, मोठ्याने बोला. तुझा आवाज असा की शेजारच्या पोलिसाला ऐकू येईना. माझ्या पुढच्या बाकावर दादाची चार पोरं, एकाने मुद्दाम खोकून दाखवलं. मनात म्हटलं, गेलं, हा आता बसणार. तेवढ्यात तू म्हणालास, "ललितने मारलं. मी बघत होतो. मी मारलं नाही."

आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मी शर्ट बांधला."

एखाद्या लहान मुलाने बाईंना गृहपाठ दाखवावा तसं बोललास. मला लाज वाटली, आणि माझ्या शेजारी आई इतकी रडली की शिपायाने तिला पाणी आणून दिलं. बाहेर व्हरांड्यात नाथा आणि चांगुणा उभे होते. तुला नेत होते तेव्हा नाथाने डावा हात वर केला. तू मान खाली घालून गेलास. ते मी इथे कळवते आहे, म्हणजे तुला माहीत असावं. त्याने हात वर केला होता.

त्यानंतरचं सांगते. संध्याकाळपर्यंत चौकातला वाघ फाडलेला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मी कामावर असताना, माझ्या स्कूटरची सीट उभी आडवी चिरली, दारावर काळं ऑइल ओतलं. आई आत एकटी. तिने दार उघडलं नाही, आतून कडी घालून पोलिसांना फोन केला. ते आले, पंचनामा केला, दोन दिवस एक हवालदार खाली बसवला. खालचे देसले काका, ज्यांच्या बायपासच्या वेळी आईने महिनाभर डबा दिला, त्यांनी आम्हाला जिन्यात पाहून दार लावून घेतलं. मग पुन्हा उघडून म्हणाले, "आमचं पण कुटुंब आहे हो." मी म्हटलं, "दिसतंय ना, दाराआड."

आम्ही घोटीला मामाकडे जातो आहोत. तांदळाची गिरणी आहे, वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुला अपराधी वाटायला हवं म्हणून हे लिहिलेलं नाही. वाटून घेऊ नकोस, तो तुझा नवीन छंद होईल आणि मला पुन्हा पत्रं लिहावी लागतील. हे आईनं आणि मी ठरवलं. सामान बांधताना तिने सर्वांत आधी काय गुंडाळलं माहीत आहे? कंट्रोलर. दोन्ही.

तुला वेगळ्या बराकीत हलवलं हे वकील मॅडमकडून कळलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या दुसऱ्या एका कैद्याच्या कामासाठी जुन्या बराकीकडे गेल्या होत्या, तेव्हा एक म्हातारा त्यांना थांबवून विचारत होता, "घोड्याची गोष्ट सांगणारं पोरगं कुठं नेलं?" त्या म्हणाल्या, त्याने खरं सांगितलं म्हणून दुसरीकडे ठेवलंय. म्हातारा म्हणाला, "मंग ठीक."

एवढंच म्हणाला. तुला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळणार नाही, जपून ठेव.

एक पातळ पुस्तक पाठवते. 'धुराचे नकाशे', नऊ कथा. तिसरी आणि सातवी टाकाऊ आहेत, उगाच फुगे आणि मिशा. बाकीच्या चांगल्या. पाचवीत एक घड्याळजी राजाचं भलंमोठं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावतो आणि सगळ्या दरबाराला एक तास उशिरा उठवतो, त्या तासात गावातली माणसं काय काय करून घेतात ते बघ. मोठ्याने वाच. शेजारच्या कोठडीत कुणीतरी ऐकत असेलच.

योगिनी


घोटी
९ मे २०२५

सनी,

हे पत्र पोस्टाने टाकलं तर तू घरी आल्यावर मिळेल, म्हणून वकील मॅडमच्या हाती देते आहे. साहेब, हातोहात दिलं तरी तुम्ही वाचालच, तेव्हा तुमचा निरोप घेते. मॅडमकडून कळलं की 'भट्टीघर' तुम्हीसुद्धा शेवटपर्यंत वाचलंत. शेवट जरा घाईत उरकलाय, तुमचं मत बरोबर आहे.

ललितला पकडलं. गोव्यात नव्हताच, वापीला मावसभावाकडे होता. तुझा जामीन झाला. मंगळवारी कागद पुरे होतील, दुपारपर्यंत सोडतील. खटला चालूच राहील, तुला साक्षीला यावं लागेल, आणि पुन्हा मोठ्याने बोलावं लागेल. सराव कर.

घोटीतलं सगळं तुला आवडणार नाही. मामा पहाटे गिरणी सुरू करतो, घरभर कोंडा उडतो. तुला कामाला लावायचं त्याने ठरवलं आहे. मी ना म्हटलेलं नाही. मी इथून सिन्नरला एसटीने जाते, थेट रस्ता आहे. आई शेजारच्या बायकांना 'घाटमाथा' शिकवते आहे. काल तिघी जणी भट्टीवर होत्या आणि चालक कुणीच नव्हतं.

गुरुवारी बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मुलगा जेलरोडला असतो म्हणे, राजदादाच्या मंडळात. फोनवर त्याने पाठवलेलं काहीतरी बघत होत्या, मग मला दाखवलं. तुझाच फोटो, बारावीचा, त्यावर लाल अक्षरांत गद्दार.

"बघा ना ताई, ज्यानं सांभाळलं त्यालाच फसवलं. काय करायची असली अवलाद? घरात घेऊ नये अशा पोराला."

मी रोज उठून लोकांची मतं ऐकते आणि कुत्सित काहीतरी बोलून मोकळी होते, तुला माहीत आहे. त्या वेळी मला एकही वाक्य सुचलं नाही. मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. मंगळवारी त्याला घ्यायला मी जाणार आहे."

बाईंनी फोन पिशवीत टाकला. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. मग बाई जरा सरकून बसल्या. मला वाटलं माझा विटाळ झाला त्यांना. पण त्या खिडकीशी जागा करून देत होत्या. "ऊन लागतंय तुम्हाला, इकडे बसा," एवढंच म्हणाल्या.

तर मंगळवार. मी रजा टाकली आहे. आई येणार नाही, तिला मीच थांबवलं, ती फाटकापाशी रडून तमाशा करेल. मी येईन. आजवर त्या फाटकापर्यंत एकदाही आलेले नाही, तेव्हा कुठे उभं राहायचं ते मला माहीत नाही, तू शोध. कपडे मामाचे आणते आहे, ढगळ होतील, तोंड वाकडं करू नकोस.

आणि बाहेर आलास की गळ्यात वगैरे पडायला येऊ नकोस. घोटीची बस चुकेल.

ताई